आईला दुपारी कशात गुंतवू?

प्रश्न: आई ७८ वर्षांची, अल्झायमर आहे. चार वाजले की "घरी जायचंय" म्हणत दाराशी उभी राहते. टीव्ही लावला तर घाबरते. काय काम देऊ?

उत्तर: माझ्या सासूबाई वाती वळायच्या. माझं नाव विसरल्या होत्या, पण कापूस हातात दिला की पीळ अचूक बसायचा. या आजारात ताज्या आठवणी आधी जातात, हाताची सवय बरीच टिकते. वात वाकडी झाली तरी सुधारू नका हो. आणि तीच वात त्यांच्यासमोर देवापुढे लावा.

दुसरं उत्तर: मेथी निवडायला द्या, साडेतीनलाच, अस्वस्थ होण्याआधी. विळी लांब ठेवा.

प्रश्नकर्ती: काल जुडी दिली. वीस मिनिटं दाराकडे बघितलं नाही. मग मलाच म्हणाली, "तुझ्या आईला सांग, भाजी कोवळी आहे."