माशांच्या आधी उष्णतेची लाट

केल्प म्हणजे थंड समुद्रात दाट वाढणारे मोठे तपकिरी शैवाल. ‘केल्पची जंगले माशांनीच फस्त केली’ असे म्हटले जाते, पण हे विधान पश्चिम ऑस्ट्रेलियापुरते तरी अपुरे वाटते. २०११च्या सागरी उष्णतेच्या लाटेने तेथील सुमारे १०० किलोमीटर किनाऱ्यालगतचे केल्प आधीच नष्ट केले होते. उष्ण प्रदेशातले रॅबिटफिश आणि पोपटमासे त्यानंतर नवे कोंब कुरतडत राहिले, म्हणून पाणी पुन्हा थंड झाल्यावरही जंगल परतले नाही. खानदेशात, सातपुड्याच्या पायथ्याशी, हे आम्ही रोज पाहतो: तोडलेल्या अंजनाच्या खोडाला पावसाळ्यात फुटवे येतात, शेळ्या ते हातभरही वाढू देत नाहीत. दोष शेळीला मिळतो; कुऱ्हाडीचे (अर्थातच) कोणी नाव काढत नाही. ऑस्ट्रेलियाच्याच पूर्व किनाऱ्यावरील कॉफ्स हार्बरजवळ मात्र माशांच्या चराईचा वाटा अधिक थेट दिसतो.