मानमोडीत कोंबड्या गेल्या, उरलेल्या तिघींसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला मळ्यातच राहतो. केळी आणि कपाशी. दारात गावरान कोंबड्या होत्या, पिल्लं-तलंगा धरून पंधरा-सोळा. आखाजी झाली आणि बघता बघता खुराडं रिकामं झालं. तिघी उरल्या आहेत. त्या जगाव्यात म्हणून हा धागा. शिवाय ज्या गेल्या त्यांच्याबद्दल बोलायला इथे कुणीच नाही, तेही एक कारण आहे.

आधी दोन पिल्लं पेंगायला लागली. पंख सोडलेले, डोळे मिटलेले. पारा 44 च्या पुढे होता, सगळ्याच चोच उघडून धापा टाकत होत्या, त्यामुळे उन्हाचंच असेल असं वाटलं. मग हिरवी पातळ शीट दिसली, रात्री घशातली घरघर ऐकू यायला लागली. सासूबाई म्हणाल्या, "गावमा मरी उनी." तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर लगेच आले. लक्षणं मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, असं त्यांनी सांगितलं. एकदा लागण झाली की त्यावर औषध नाही. बर्ड फ्लू नाही ना, याची खात्री करायला नमुनेही पाठवले आणि तो नाही असं कळलं. तोवर शेजारपाजार धास्तावलेला होता, आणि त्यांचंही बरोबर आहे. 2006 साली देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नंदुरबारकडे, नवापूरलाच सापडला होता. खानदेशात कोंबड्या मरायला लागल्या की आधी तेच आठवतं.

आमचा कोंबडा तांबडा, गळ्याशी सोनेरी. उकिरड्यात दाणा किंवा किडा सापडला की स्वतः खायचा नाही. चोचीत उचलायचा, पुन्हा खाली टाकायचा आणि कुटकुट करून कोंबड्यांना बोलवायचा. त्या येऊन खाईपर्यंत बाजूला उभा. लंगडी कोंबडी सगळ्यात शेवटी पोहोचायची, तिच्यासाठी पुन्हा नवीन उकरायचा. आजारी पडला त्या दिवशीही मी टाकलेल्या दादर ज्वारीवर उभा राहून त्याने तसंच बोलावलं. आवाज फुटत नव्हता, नुसती मान हलत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आरवला नाही.

लिंबाखाली खड्डा खोल घेतला, चुना टाकून सगळ्यांना पुरलं. मुलगी दोन दिवस नीट जेवली नाही. एक जण मला म्हणाले, पेंगायला लागल्यावरच कापून खायच्या होत्या, तेवढे पैसे तरी वसूल झाले असते. मला त्यांना काही बोलता आलं नाही. आम्हीही कोंबडी खातो, ते लपवत नाही. पण ज्या खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवून, एकवीस दिवस तिच्या दाण्यापाण्याची वेळ सांभाळून पिल्लं काढली, ती डोळ्यांदेखत मान टाकते तेव्हा हिशोब सुचत नाही.

आता अडचणी:

भुरी नावाची कोंबडी वाचली, पण तिची मान वळून पाठीकडे जाते. दाण्यावर चोच मारते ती दोन बोटं बाजूला पडते. मी मांडीवर घेऊन, मान धरून भिजवलेला कण्या-भाकरीचा काला भरवते. तेवढा खाते, पाणीही पिते. ही बरी होईल का? की तिचे हाल वाढवतेय?

बाकी दोघी धडधाकट आहेत, पण दिवेलागणीला खुराड्याच्या दारापर्यंत येतात आणि आत जात नाहीत. बाहेर ठेवायची सोय नाही, मुंगूस आणि रानमांजर दोन्ही आहेत.

आणि नवीन पिल्लं किती दिवसांनी आणावीत? मुलगी रोज विचारते.

निवृत्त पशुधन पर्यवेक्षक:
ताई, भुरी खातेय-पितेय तोवर आशा सोडू नका. मान काही जणींची हळूहळू सुधारते, काहींची जन्मभर तशीच राहते, पण तशाही जगतात. दाणे पसरून टाकू नका. खोलगट भांड्यात भरपूर ढीग ठेवा, म्हणजे चोच चुकली तरी दाणा लागतो. तिला त्या दोघींपासून वेगळी ठेवा.

वाचलेल्या कोंबडीच्या शीटेतून रोगाचे विषाणू काही आठवडे पडत राहतात. त्यामुळे दीड-दोन महिने एकही नवं पिल्लू नको, आणि या तिघी कुणाला देऊही नका. खुराड्यातली शीट, भुस्सा, वरची माती खरवडून पुरून टाका. धुवा, चुना मारा, दारं उघडी टाकून कडक ऊन लागू द्या. आपल्याकडचं ऊन इथे कामाला येतं. भुरीला भरवल्यावर हात साबणाने धुवा, तोच हात डोळ्याला लावू नका, माणसाचेही डोळे लाल होतात. दुसऱ्याच्या कोंबड्यांकडे जाताना चपलाही बदला.

नवी पिल्लं आणाल तेव्हा पहिल्या आठवड्यात मानमोडीची लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा. दोन महिन्यांच्या झाल्या की त्याच रोगाची आर-टू-बी लस टोचून घ्या.

साक्रीकर:
खुराड्याचं माझ्याकडेही असंच झालं होतं. जुन्या जागेचा हट्ट करू नका. ओट्यावर भिंतीला लागून डालं पालथं घाला, वर पाटा ठेवा, दोघींना एकत्र झाका. आणि मुलीला कोंबड्यांबद्दल बोलू द्या, विषय बदलू नका.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. डाल्याखाली दोघी काल रात्री न ओरडता बसल्या. भुरीला घमेलं दिलंय, ज्वारीचा ढीग केल्यावर तिच्या चोचीत पहिल्यांदाच आपणहून दाणे गेले. मुलगी शेजारी बसून मोजत होती.

दादा, लसीचं एक विचारायचं आहे. दुकानात सगळ्यात लहान बाटली शंभर डोसांची आहे आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवायची असं सांगितलं. आमच्याकडे पुढे फार तर दहा-बारा पिल्लं असतील. म्हणून वस्तीवरच्या आणि खालच्या पाड्यावरच्या बायकांशी बोलले. सगळ्यांनी पिल्लं एकाच हप्त्यात आणायची आणि एकाच सकाळी लस द्यायची, असं ठरतंय. बाटली चोपड्याहून बर्फाच्या थर्मासमध्ये आणली तर या उन्हात टिकेल का? आणि जिथे मरी येऊन गेली त्या आमच्या अंगणात सगळ्यांची पिल्लं गोळा करू नयेत, असं मला वाटतं. घरोघर जाऊन थेंब टाकले तर दोन तासांत पाडा उरकेल ना?