कारवानी–अल्सेशियन मिश्र पिल्लू : वजन कमी आहे की बांधाच तसा आहे?

माणदेशी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या मळ्यावर पाच महिन्यांचे एक नर पिल्लू आहे, त्याचे नाव खंड्या. त्याची आई आमच्याच वस्तीवरची कारवानी कुत्री असून बाप शेजारच्या बागायतदारांचा अल्सेशियन आहे, त्यामुळे जन्मतारीख नक्की ठाऊक आहे आणि वयाबद्दल शंका नाही. धान्याच्या काट्यावर दर महिन्याला त्याचे वजन करते. तीन महिन्यांचा झाला तेव्हा ते ८.२ किलो, चार महिन्यांना ११.९ किलो आणि काल १५.४ किलो भरले. आईचे वजन २१ किलो आहे आणि बापाचे सुमारे ३५ किलो असल्याचे शेजारी सांगतात.

शेजाऱ्यांकडे याच वयाचे शुद्ध अल्सेशियन पिल्लू २० किलोच्या पुढे गेले आहे. घरी येणारा प्रत्येक जण खंड्याकडे पाहून ‘याला खायला घालत नाही का’ असे विचारतो. सासूबाईंना तर त्याची इतकी काळजी वाटते, की त्या रोज रात्री तूप घालून बाजरीची भाकरी त्याला स्वतः भरवतात. त्याशिवाय सकाळी दूध-चपाती, दुपारी बिनहाडाचे कोंबडीचे मांस व भात, आणि दुकानदाराने सुचवलेली कॅल्शियमची पावडर दिवसातून दोन चमचे असा आहार आहे. तो दिवसभर पळतो, दमत नाही आणि भूकही चांगली आहे. तो वळला की शेवटच्या दोन बरगड्या उमटतात. शुद्ध जातीच्या पिल्लांचे तक्ते पाहिले, पण असे मिश्र पिल्लू त्यांत कुठे बसवावे ते कळत नाही. त्याचे वजन योग्य आहे की नाही, हे कशावरून ठरवावे?

कृष्णाकाठ

ताई, मी गेली पंचवीस वर्षे कारवानी कुत्री पाळतो आहे आणि ‘खायला घालत नाही का’ हा प्रश्न मलाही दर जत्रेत ऐकावा लागतो. ज्याची आई पळण्यासाठीच घडलेल्या जातीची आहे, त्या पिल्लाची छाती खोल, पोट वर ओढलेले आणि कंबर बारीक असणारच. शेजारच्या पिल्लाशी त्याची तुलना करणे म्हणजे खिलार खोंडाला मुऱ्हा रेड्याशेजारी उभे करण्यासारखे आहे. कारवानी बांध्यात शेवटच्या एक-दोन बरगड्या वळताना दिसणे हा माझ्या दृष्टीने दोष नाही.

डोळ्यांपेक्षा हातावर विश्वास ठेवा, कारण अल्सेशियनकडून आलेले दाट केस बरगड्या झाकतात आणि फसवतात. एका हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटे मुठीच्या सांध्यांवरून फिरवा. पिल्लाच्या बरगड्या तितक्या टोकदार लागल्या तर ते रोडावलेले आहे. मग मूठ उघडून पंजा सरळ धरा आणि तळहाताच्या बाजूने बोटांच्या मुळाशी दाबून पाहा. हाड तिथल्यासारखे मांसाखाली दबलेले वाटले तर चरबी जास्त आहे. आता तोच हात पालथा करून मागच्या बाजूवरून बोटे फिरवा, तिथे हाडे सहज मोजता येतात पण टोचत नाहीत. बरगड्या अशा लागायला हव्यात. दाबू नका, गाईच्या पाठीवरून हात फिरवतो तितक्याच हलक्या हाताने पाहा.

अंघोळ घातल्यावर केस अंगाला चिकटलेले असताना त्याला वरून पाहा, बरगड्यांमागे कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. पाठीचे मणके आणि खुब्याची हाडे लांबूनच वर आलेली दिसली किंवा मांड्यांचे मांस उतरलेले वाटले, तर मात्र बांध्याच्या नावावर खपवू नका.

निवृत्त पशुवैद्य

वरील हाताची परीक्षा अगदी योग्य आहे. आम्ही दवाखान्यात १ ते ९ अशा श्रेणीने शरीरस्थिती नोंदवतो, तिचा आधारही बरगड्या, कंबर आणि पोटाची रेषा हाच आहे. त्यात ४ आणि ५ या श्रेणी उत्तम मानल्या जातात, आणि वाढत्या मोठ्या चणीच्या पिल्लाला मी ४ च्या जवळ ठेवणे पसंत करतो.

आता आकड्यांविषयी. मिश्र पिल्लाचे प्रौढ वजन आई-बापांच्या वजनावरून अंदाजे धरता येते. तुमच्या बाबतीत ते २८ किलोच्या आसपास येते, नर असल्याने थोडे अधिकही होईल. मोठ्या चणीचे पिल्लू साधारणपणे पाचव्या महिन्याच्या सुमारास प्रौढ वजनाच्या निम्म्यावर पोचते, म्हणून १५.४ किलो हे वजन मला कमी वाटत नाही. शिवाय एका दिवसाच्या वजनापेक्षा वाढीची रेषा महत्त्वाची असते. अंगणवाडीत बाळाचे वजन ज्या प्रकारच्या तक्त्यावर मांडतात, तसेच तक्ते पाळीव प्राण्यांच्या आहारावर संशोधन करणाऱ्या वॉल्थम संस्थेने २०१७ साली पिल्लांसाठी प्रसिद्ध केले आहेत. ते जातीनुसार नव्हे तर अपेक्षित प्रौढ वजनानुसार, नर आणि मादी यांसाठी वेगळे, बारा आठवड्यांच्या वयापासून आणि ४० किलोपर्यंतच्या कुत्र्यांसाठी आहेत, त्यामुळे मिश्र पिल्लालाही लागू पडतात. पिल्लू वरच्या रेषेवर आहे की खालच्या, याला फारसे महत्त्व नाही. ते आपल्या रेषेजवळून चालत राहिले पाहिजे. दोन रेषा ओलांडून ते वर चढले किंवा खाली घसरले तर तपासणी करावी. महिन्यातून एकदा वजन करण्याऐवजी दर आठवड्याला, त्याच काट्यावर, सकाळी खाण्यापूर्वी करा.

मला खरी चिंता वाटते ती आहाराची, आणि त्यातही कॅल्शियमच्या पावडरची. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम पुरेसे रोखता येत नाही, जितके येईल त्याचा मोठा भाग शोषला जातो. मोठ्या चणीच्या पिल्लांत त्यामुळे हाडांची आणि कूर्चेची वाढ बिघडू शकते. उलट नुसते मांस आणि भात यांत कॅल्शियम फारच कमी व फॉस्फरस तुलनेने जास्त असते. तेव्हा रक्तातील कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतूनच ते ओढून घेते आणि हाडे पातळ होतात. म्हणजे पावडर बंद करून मांस-भात तसाच ठेवला तरी चूक होईल आणि चमच्याच्या अंदाजाने पावडर चालू ठेवली तरीही चूक होईल. मार्ग एकच आहे, आहाराचा पायाच संतुलित करणे. मोठ्या चणीच्या पिल्लांसाठी बनवलेले संपूर्ण तयार खाद्य सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्या आणि ते पूर्णपणे सुरू झाले की पावडर थांबवा. अमेरिकेतील मानकानुसार, प्रौढपणी ७० पौंड म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा त्याहून अधिक होणाऱ्या पिल्लांच्या खाद्याच्या कोरड्या भागात कॅल्शियम १.८ टक्क्यांहून जास्त नसावे. खंड्या त्या सीमेच्या जवळ आहे, म्हणून हीच मर्यादा पाळावी. घरचेच अन्न द्यायचे असेल तर ते पशुवैद्यकाकडून मोजून आखून घ्यावे.

पिल्लाला सडपातळ ठेवणे ही उपासमार नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा. लॅब्रॅडॉरच्या ४८ पिल्लांच्या जोड्या लावून जन्मभर केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिश्शाने कमी खाद्य दिले गेले. कमी खाणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे आणि दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे भरले, शिवाय कमी खाणाऱ्यांत सांध्यांचे विकारही कमी आणि उशिरा आढळले.

शेवटी, बारीक पिल्लाचे पोट मात्र गोल फुगलेले असेल, केस निस्तेज असतील किंवा हिरड्या फिकट असतील, तर आहार वाढवण्याआधी विष्ठा तपासून घ्या. मळ्यावरच्या पिल्लांत जंत हे रोडावण्याचे फार नेहमीचे कारण आहे, आणि सहा महिन्यांपर्यंत जंताचे औषध दरमहा द्यावे लागते.

वऱ्हाडी

डॉक्टरांनी पावडरीबद्दल लिहिले आहे, म्हणून माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे ग्रेट डेन आणि गावठी यांचे मिश्र पिल्लू होते. लवकर मोठे व्हावे म्हणून आम्ही त्याला मागेल तितके खायला दिले आणि वर एका दुकानातून आणलेली कॅल्शियमची पावडर चारली. वजनाचा आकडा वाढताना पाहून आम्हाला आनंद व्हायचा. सहाव्या महिन्यात त्याचे पुढचे पंजे मनगटापासून बाहेरच्या बाजूला वळू लागले, आणि आम्ही ते लाडाने ‘फेंगडा चालतो’ म्हणून आणखी तीन आठवडे घालवले. क्ष-किरण चित्रात दिसले, की पुढच्या पायातील दोन हाडांपैकी एकाची वाढ आधीच थांबली होती. दोष केवळ पावडरीचा होता असे शल्यचिकित्सकांनी म्हटले नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तो रोज उड्या मारत असे, त्यानेही हाडाच्या टोकाशी असलेल्या वाढीच्या भागाला इजा झाली असू शकते, असे त्यांनी सांगितले. शस्त्रक्रिया करावी लागली आणि तो आयुष्यभर किंचित लंगडत राहिला.

म्हणून ताई, वजनाइतकेच त्याच्या पायांकडे लक्ष द्या. दर आठवड्याला त्याला सपाट जमिनीवर समोरून उभा करून एक छायाचित्र काढा, म्हणजे बदल नजरेतून सुटणार नाही.

निवृत्त पशुवैद्य

छायाचित्राची सूचना उत्तम आहे. अल्सेशियनच्या रक्तामुळे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पाच ते बारा महिन्यांच्या काळात कधी एका, कधी दुसऱ्या पायाने लंगडणे दिसले, तर वाढीच्या वयात हाडाला येणारा एक दाह त्यामागे असू शकतो. तो बहुधा आपोआप शमतो, पण दुखणे पुष्कळ असते. घरातले वेदनाशामक औषध देऊ नका, माणसांच्या काही गोळ्या कुत्र्यांना विषारी ठरतात.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी कळवते आहे. रविवारी विहिरीच्या धावेवर खंड्याला अंघोळ घातली आणि ओल्या अंगावर कंबरेची वळणे स्पष्ट दिसली. मणके वर आलेले नाहीत. मुठीची परीक्षा मी सासूबाईंकडूनच करून घेतली. त्यांनी आधी स्वतःच्या हाताच्या मागच्या बाजूवरून आणि मग त्याच्या बरगड्यांवरून बोटे फिरवली, दोन वेळा पडताळून पाहिले आणि ‘सारखंच लागतंय की’ म्हणाल्या.

विष्ठेत गोलकृमीची अंडी सापडली, त्याचे औषध दिले असून पुढची मात्रा दोन आठवड्यांनी आहे. तयार खाद्य आता पूर्णपणे सुरू झाले आहे आणि पावडर बंद केली आहे. काल सकाळी वजन १६.८ किलो भरले. पुढचे पाय सध्या सरळ आहेत, छायाचित्रे दर रविवारी काढते आहे. रात्रीची भाकरी मात्र सासूबाईंनी सोडलेली नाही. ती आता तुपाविना, चतकोराहून कमी असते आणि तेवढे खाद्य आम्ही त्याच्या संध्याकाळच्या मापातून काढून ठेवतो.