तिसरीतला मुलगा वाचनात अडकलाय: भाषांचा गोंधळ की अध्ययन अक्षमता? (इंदूर)

तिसरी_ब_टीचर
सुदामा नगरकडची सीबीएसई प्राथमिक शाळा. मुलगा 8 वर्षं 3 महिन्यांचा. घरी मराठी, माध्यम इंग्रजी, दुसरी भाषा हिंदी. तोंडी उत्तरं चोख, पाढे पाठ. पण दुसरीच्या हिंदी उताऱ्यात मिनिटाला जेमतेम 20 शब्द बरोबर, वेलांट्या सर्रास गाळतो. इंग्रजीत पहिलं अक्षर पाहून शब्द ठोकून देतो. पालकांचं म्हणणं, तीन भाषांमुळे होतंय, मोठा झाला की सुटेल. विशेष शिक्षिका आठवड्यातून दोनच दिवस येतात. खरंच भाषांचा गोंधळ आहे का, हे ओळखायचं कसं? आणि अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात अडचण) प्रमाणपत्र येईपर्यंत वर्गात काय करता येईल?

वाचनकक्ष
आधी डोळे आणि कान तपासून घ्या. शाळेतला तक्ता पुरत नाही, नेत्रतज्ज्ञ आणि ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) दोन्ही हवं. कानात पाणी साचून ऐकू कमी येणारी मुलंही अशा चुका करू शकतात.

मग वहीतल्या चुकांचे दोन ढीग करा. 'पानी'चं 'पाणी', 'मेरी पुस्तक'चं 'मेरा पुस्तक', 'में'वरचा अनुस्वार गायब, हे सगळं घरच्या मराठीतून येतं. हा आजार नव्हे. दुसऱ्या ढिगात 'किताब'चं 'कताब', 'भालू'चं 'मालू', 'घर'चं 'धर' आणि एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला. हा ढीग मोठा असेल तर तीन भाषांना दोष देण्यात अर्थ नाही.

खात्रीसाठी दोन छोट्या गोष्टी. 'टिमक', 'बोसुल', 'नेफाट' असे दहा निरर्थक शब्द वाचायला द्या. अर्थच नसल्यामुळे अंदाज चालत नाही, अक्षर फोडावंच लागतं. दुसरं तोंडी आणि मराठीतच: 'बटाटा'तला 'ब' काढला तर काय उरतं? 'करवत'मधला 'र' काढला तर? मधलं अक्षर काढणं जास्त अवघड असतं. आठ वर्षांचं मूल स्वतःच्या मायबोलीत इथे सारखं अडखळत असेल तर मुळात ध्वनी वेगळे करण्यातच अडचण आहे, आणि ती प्रत्येक भाषेत दिसणार.

मानसतज्ज्ञांकडे पाठवताना एक आग्रह धरा: फक्त इंग्रजीतली चाचणी नको. मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरची 'डाली' ही चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, पहिली ते पाचवीसाठी. तिची प्राथमिक चाळणी शिक्षकाला करता येते, पुढची सविस्तर चाचणी मानसतज्ज्ञ घेतात. नुसत्या इंग्रजी चाचणीवर मराठी घरातलं मूल 'मंद' ठरतं किंवा खरी अडचण 'इंग्रजी कच्चं' म्हणून झाकली जाते.

जुनी_इंदूर_स्पेशल_एड
प्रमाणपत्राची वाट बघू नका. शिकवायला कागद लागत नाही.

आठवड्यातून चार दिवस, 30 मिनिटं, तीन-चार मुलांचा गट. विशेष शिक्षिका दोन दिवस घेतील, उरलेले दोन दिवस तुम्ही त्याच अक्षरकार्डांवर, त्याच क्रमाने. 3 मिनिटं जुनी कार्डं, 5 मिनिटं नवा ध्वनी, 8 मिनिटं त्याच ध्वनीचे शब्द, 8 मिनिटं ओळखीच्या ध्वनींचाच उतारा, 6 मिनिटं श्रुतलेखन. श्रुतलेखनाला कात्री लावू नका, वेलांट्या तिथेच बसतात. पहिली वेलांटी सगळ्यात जास्त छळते, कारण लिहायची आधी आणि ऐकू येते नंतर. म्हणून दुसरी वेलांटी आधी पक्की करा, मग दोन आठवड्यांनी पहिली. दोन्ही एकाच दिवशी कधीही नाही. इंग्रजीत पॅन, पेन, पिन असा फक्त मधला स्वर बदलत न्या, म्हणजे पहिल्या अक्षरावरून ठोकायची सोय राहत नाही.

आयईपीत (मुलाच्या वैयक्तिक शिक्षण योजनेत) 'वाचन सुधारेल' असं लिहिलं तर तो कागद कपाटातच राहणार. असं लिहा: आज मिनिटाला 20 शब्द बरोबर, 12 आठवड्यांनी 32. दर आठवड्याला तीन नवे उतारे, प्रत्येकी एक मिनिट, मधला आकडा आलेखावर. सलग चार आकडे 20 पासून 32 पर्यंत ओढलेल्या उद्दिष्टाच्या रेषेखाली गेले की पद्धत बदला, मुलाला दोष देऊ नका.

वर्गात: फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी छापील प्रत, 16 चा फाँट, ओळींत मोकळी जागा. गणिताचा प्रश्न वाचून दाखवा. आयत्या वेळी मोठ्याने वाचायला उभं करू नका. उतारा आदल्या दिवशी द्या.

रामबाग_पालक_गट
कागदपत्रांचं. केंद्रीय अधिसूचनेनुसार विशिष्ट अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र 8 वर्षांनंतर मिळतं, मग 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी. म्हणजे या मुलाचं वय बसतं. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज, जिल्हा इंदूर, मग वैद्यकीय मंडळाची तारीख. सोबत आधार, फोटो, शाळेचं पत्र आणि वह्यांच्या झेरॉक्स. चुका दिसतील अशी पानं न्या, सुवाच्य पानं नकोत. समग्र आयडीवरचं (मध्य प्रदेशचा कुटुंब-ओळख क्रमांक) नाव-जन्मतारीख आधारशी जुळतेय का, आधीच बघा; राज्याच्या योजनांना पुढे तिथेच अडतं. खाजगी मानसतज्ज्ञाचा अहवाल शिकवायला उपयोगी, पण ते प्रमाणपत्र नव्हे. अहवालावर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं पाहून घ्या.

तिसरी_ब_टीचर
खूप आभार. आणखी दोन. पालकांना कुणीतरी सांगितलंय की घरी मराठी बंद करून इंग्रजीच बोला, आणि हिंदीतून सूट घ्या. आणि गट कोणत्या तासाला घेऊ?

वाचनकक्ष
मराठी बंद अजिबात नाही. शब्दसाठा आणि गोष्ट समजणं तिथूनच येतं. आई-बाबांनी तोडकं इंग्रजी बोलून वाचन सुधारत नाही. रोज रात्री दहा मिनिटं मराठीत वाचून दाखवा म्हणावं.

सूट कायद्यात आहे. 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 17 दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सवलतीचा उल्लेख करतं. पण माझ्या मते तिसरीत घाई नको. देवनागरीत अक्षर आणि ध्वनी बरेचसे जुळतात, इंग्रजीत तसं नाही. वाचन बसवायला हिंदीच सोपी. शिवाय इंदुरात राहून हिंदी वाचता येऊ नये हे महागात पडेल. सहावी-सातवीत ओझं फारच वाढलं तर सवलत मागा.

जुनी_इंदूर_स्पेशल_एड
तास: खेळ आणि चित्रकला सोडून. मूल जिथे चमकतं तो तास काढून घेतला की महिन्याभरात ते गटाला कंटाळतं. हिंदीच्या तासात इतर मुलं सराव करतात, ती 30 मिनिटं घ्या. नवा धडा शिकवत असतील त्या दिवशी परिपाठाची वेळ. आणि चौघांना एकदमच उठवा, एकट्याला नाव घेऊन नाही.