बायकांनाच स्मृतिभ्रंश जास्त का? शरीरामुळे की न मिळालेल्या शाळेमुळे?

कर्वेनगरची सून: देशभरातल्या ज्येष्ठांच्या तपासण्यांवरून २०२३ मध्ये आलेला अंदाज सांगतो: साठीपुढच्या बायकांत स्मृतिभ्रंश ९ टक्के, पुरुषांत ५.८. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात हा विषय निघाला तेव्हा "बायका जास्त जगतात, म्हणून" असं म्हणून एका काकांनी तो मिटवला. मला नाही पटत. आपल्याकडे बायकांचं आयुर्मान जेमतेम तीनेक वर्षांनी जास्त आहे. तेवढ्याने एवढी तफावत पडेल? पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा १८४८ मध्ये निघाली, तरी १९५१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता ९ टक्क्यांच्या आत होती, पुरुषांची २७. आज ऐंशीच्या घरातल्या आज्या म्हणजे त्याच काळातल्या मुली. भाऊ शाळेत गेले, ह्या धाकटी भावंडं सांभाळत घरी राहिल्या. लहानपणीच्या शिक्षणाने मेंदूला म्हातारपणी पुरणारी शिल्लक मिळते, ती यांना मिळालीच नाही.

डेक्कनवासी: ताई, शिक्षण महत्त्वाचं आहेच, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. अमेरिकेतल्या बायका शिकल्या, तरी तिथल्या अल्झायमरच्या (स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) रुग्णांत दोन तृतीयांश बायकाच आहेत. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ या जनुकाची एक प्रत असेल, तर ६५ ते ७५ या वयात बायकांना पुरुषांपेक्षा धोका जास्त दिसलाय. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं, त्याचं काय?

कर्वेनगरची सून: इस्ट्रोजेनची उणीव हेच कारण असतं, तर ते दिल्यावर फायदा दिसायला हवा होता. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन या हार्मोनच्या गोळ्या देऊन पाहिल्या. २००३ मध्ये निकाल आला: स्मृतिभ्रंशाचा धोका दुप्पट.

डेक्कनवासी: पाळी जाऊन दहा-पंधरा वर्षं झाल्यावर दिलेल्या गोळ्या त्या! त्यावरून पन्नाशीतल्या बाईबद्दल काहीच ठरत नाही.

वारज्याचा भाचा: मला तर आकड्यांचीच शंका आहे. माझी मावशी शाळेची पायरी चढलेली नाही. तपासणीत तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. तिने पेन्सिल मुठीत धरली, वेडावाकडा गोल काढला आणि थांबली. ती भाजीवाल्याचा हिशोब तोंडी करते! निरक्षर माणसांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत, त्या न वापरता हा शिक्का मारू नका.

कर्वेनगरची सून: बरोबर, पण उलटही होतं. शब्द लक्षात ठेवण्यात बायका पुरुषांपेक्षा सरस असतात, त्यामुळे शिकलेली बाई सुरुवातीला चाचणीत सहज निभावते आणि आजार उशिरा कळतो. घरातही तेच. आजोबांची पेन्शनच्या कागदावरची सही चुकली की लगेच न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट. आजींनी आमटीत दोनदा मीठ घातलं की "वय झालं" म्हणून सोडून देतात. त्यांना कमी ऐकू येतं, बीपी वाढलंय, तेही कुणी बघत नाही. आणि या दोन्हींवर इलाज आहे.

डेक्कनवासी: तपासणी व्हायलाच हवी, यात वाद नाही. पण जनुक आणि पाळीचं वय विचारल्याशिवाय ती अर्धीच.