अनुभव धागा: मोटार रॅली, रस्त्याच्या कडेला उभं राहून पाहिलेली

रानवाट
काल प्रवासात डांबर संपून अचानक खडी लागली. गाडीच्या बुडाला दगड टणाटण आपटायला लागले आणि जुनी रॅली आठवली. जंगलात गाडी आधी कानांनाच कळते. इंजिनाचा आवाज येतो, वळणाआड विरतो, पुन्हा येतो, या वेळी जवळून, मध्येच टर्बोचे फाड फाड बार. मार्शलची, म्हणजे रस्त्यावर सुरक्षा बघणाऱ्याची, लांब शिट्टी झाली की सगळे गप्प. मग गाडी चक्क आडवी येते, नाक वळणाच्या आत, पुढची चाकं उलट्या दिशेला, आणि दिसली म्हणेपर्यंत गेलेली! मागे नुसता धुरळा. एवढ्यासाठी पहाटेपासून टेकडीवर बसलो होतो, आणि आजही बसेन. तुम्ही पाहिली असेल तर लिहा ना.

खडीवाली
धुरळा!! दात, कान, पापण्या, सगळीकडे. दोन गाड्यांमध्ये काही मिनिटांचं अंतर का ठेवतात ते तिथे उभं राहिल्यावरच कळतं. वारा पडलेला असला तर मागच्याला रस्ताच दिसत नाही.
फोनवरून लिहितेय, चुका सांभाळून घ्या.

तिसरा गियर
पहिली गाडी नीट बघा. सुटी खडी तीच झाडत जाते, त्यामुळे घसरते जास्त. पाच-सहा गाड्या गेल्या की रस्त्यावर दोन स्वच्छ पट्टे दिसायला लागतात आणि मागच्यांना पकड मिळते. हे एकदा लक्षात आलं की एकाच वळणावर दिवसभर उभं राहिलं तरी कंटाळा येत नाही.

घाटमाथा
सगळ्यांना कळकळीने सांगतो, वळणाच्या बाहेरच्या बाजूला कधीही उभं राहू नका. घसरलेली गाडी तिकडेच जाते. उंचावर, आतल्या बाजूला, मागे सरकायला जागा ठेवून थांबा. १९८६ च्या पोर्तुगाल रॅलीत गाडी गर्दीत घुसून तीन प्रेक्षक गेले, तिसांहून जास्त जखमी झाले. त्या काळचे फोटो बघा, लोक रस्त्याच्या मधोमध, गाडी अंगावर आली की फाकायचे. त्याच वर्षी कॉर्सिकाच्या रॅलीत चालक हेन्री टोइव्होनेन आणि त्याचा सहचालक सर्जिओ क्रेस्टो अपघातात गेले आणि ग्रुप बी, म्हणजे त्या काळच्या अतिताकदवान रॅली गाड्या, बंद झाल्या. मार्शल 'मागे व्हा' म्हणाला की वाद घालणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. तो बिचारा दिवसभर उन्हात आपल्यासाठीच उभा असतो.

रानवाट
@घाटमाथा अगदी. आमच्याकडचा मार्शल तर एकेका मुलाला हात धरून मागे नेत होता.

अर्धा चंद्र
मी स्टेजपेक्षा (वेळ लावून धावायचा रस्त्याचा टप्पा) सर्व्हिस पार्कमध्येच, म्हणजे गाड्या दुरुस्त करायच्या तळावरच रमले. ठरलेल्या मिनिटांत मेकॅनिक मंडळी अख्खा गियरबॉक्स उतरवून नवा चढवतात, कुणी कुणावर ओरडत नाही. बाबा गॅरेजवाले होते, त्यांना हे दाखवायचं राहून गेलं.

खडीवाली
@अर्धा चंद्र 🙏 बाबांबद्दल लिही ना कधी, वेगळा धागा काढ.

तिसरा गियर
फिनलंडमध्ये ओउनिनपोह्या नावाची स्टेज आहे, तिथे २००३ मध्ये चालक मार्को मार्टिनच्या गाडीने ५७ मीटर लांब उडी मारली होती. ५७! मी पाहिलेली उडी त्यापुढे काहीच नव्हती, तरी चारही चाकं जमिनीवरून सुटलेली बघून पोटात गोळा आला.

वाटसरू
उलटलेली गाडी ढकलून सरळ केलीय कुणी? आम्ही केली. आतले दोघे ठीक आहेत हे बघितलं, मार्शलने लाल झेंडा (स्टेज थांबवायची खूण) बाहेर काढला नव्हता, त्याने खूण केली आणि ओळखपाळख नसलेली दहा-बारा माणसं भिडली. एक, दोन, तीन… धप्प! काच नाही, छप्पर चेपलेलं, आणि ते दोघे हात हलवून सुसाट निघून गेले. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते.

अर्धा चंद्र
मिशेल मुतोंचं नाव अजून कुणीच काढलं नाही? १९८१ मध्ये इटलीतली सानरेमो रॅली जिंकली, जागतिक अजिंक्यपदातली रॅली जिंकणारी पहिली बाई! शेजारी सहचालक फाब्रिझिया पोन्स. १९८२ मध्ये अजून तीन जिंकल्या, त्या वर्षीचं जागतिक विजेतेपद थोडक्यात हुकलं.

घाटमाथा
आणि शेखर मेहता! केनियातली सफारी रॅली पाच वेळा जिंकलेला माणूस, तीही रहदारी चालू असलेल्या रस्त्यांवर.

वाटसरू
शेजारचा सहचालक चालकाला वळणांच्या नोट्स वाचून दाखवत असतो, त्यात '१' म्हणजे हळू की जोरात?

तिसरा गियर
बहुतेक पद्धतींत १ म्हणजे सगळ्यात तीव्र वळण, ६ म्हणजे जवळपास सरळ. काहींचं उलटंही असतं, जोडी स्वतः ठरवते. स्पर्धेआधी ठरलेल्या मर्यादेत हळू जाऊन स्वतःच्या नोट्स लिहायच्या असतात.

वाटसरू
म्हणजे चढाच्या टोकाला '६' ऐकलं, पुढचं काही दिसत नसलं, तरी पाय दाबलेलाच?

खडीवाली
हो! म्हणूनच मी म्हणते, बातमीत सहचालकाचं नाव पण तेवढ्याच मोठ्या अक्षरांत यायला हवं. बाळ उठलं, रात्रीच्या स्टेजचं नंतर लिहिते.