पार्किंगमधलं क्रिकेट आणि सोसायटीचा ग्रुप

सेक्रेटरी काका: नमस्कार मंडळी. काल बी विंगखाली बॉल लागून गाडीचा आरसा फुटला. आजपासून पार्किंगमध्ये क्रिकेट बंद. पालकांनी सहकार्य करावे 🙏

बी-३०४: काका आरशाचे पैसे आम्ही आईबाप मिळून देतो, तो विषयच नाही. पण मग खेळायचं कुठे तेही लिहा ना नोटीशीत. गवतावर जायचं नाही, टेरेसला कुलूप, क्लब हाऊस बुकिंगशिवाय उघडत नाही, आणि याच ग्रुपवर दर रविवारी फॉरवर्ड येतो की हल्लीची मुलं मोबाईल सोडत नाहीत

ए-१०२ आजी: अगदी खरं बोललीस गं

डी-५०३: आमचा तर आठवड्यातून दोनदा फुटबॉल कोचिंगला जातो. चांगली भरभक्कम फी आहे

सी-६०१ डॉक्टर ताई: छानच. पण बाकीचे पाच दिवस? ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं डब्ल्यूएचओ सांगते, लिफ्टने खाली येऊन व्हॅनमध्ये बसणं त्यात धरत नाहीत 😄 आणि बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याचा धोकाही कमी असतो. माझ्याकडे दुसरी तिसरीतली मुलं नंबर वाढला म्हणून येतात, आईबाप विचारतात गाजर किती द्यायचं. अहो आधी खाली सोडा त्यांना

बी-३०४: हेच म्हणतेय मी. सवय लावा सवय लावा म्हणतो पण सवय लागायला जागा आणि वेळ मोठ्यांनीच द्यायला लागते, पोरगं काय स्वतः पार्किंग रिकामं करणारे?

डी-५०३: खाण्याचं पण बोला कोणीतरी. दहा मिनिटांत चिप्स आणि कोल्ड्रिंक दारात. मुलगा माझ्याच फोनवरून ऑर्डर करतो

ए-१०२ आजी: मग फोनला कुलूप लाव की बाबा

सी-६०१ डॉक्टर ताई: 😂 आजी. बाटलीच्या मागे वाचा, बहुतेक कोल्यात १०० मिलीला १०-११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलीच्या बाटलीत सहा चमच्यांच्या वर गेली. शाळेच्या आवारात आणि भोवती ५० मीटरपर्यंत असले पदार्थ मुलांना विकायचे नाहीत असा एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, २०२० चा नियम आहे. सीबीएसईने २०२५ मध्ये शाळांना शुगर बोर्ड, म्हणजे कशात किती साखर ते दाखवणारे फलक, लावायला सांगितले ते पण याचसाठी. आणि आपण घरी फ्रीजमध्ये दोन लिटरची भरून ठेवतो

ए-४०१: आम्ही कोल्ड्रिंक आणतच नाही, दुधात चॉकलेट पावडर देतो, ती हेल्दी असते

सी-६०१ डॉक्टर ताई: तिच्या डब्यामागचं पण वाच. कायद्यात हेल्थ ड्रिंक असा प्रकारच नाही, म्हणून २०२४ मध्ये केंद्राने ऑनलाइन कंपन्यांना अशी पेयं त्या नावाखाली दाखवू नका असं कळवलं. साधं दूध पीत नसेल तर दही दे, ताक दे, नाचणीचं सत्त्व कर. बिघडत काही नाही

ए-४०१: सत्त्व बघून तोंड फिरवते ती 😭

ए-१०२ आजी: गूळ घाल, वेलची घाल, आणि तू पण समोर बसून पी. आई चहा बिस्किट खाणार आणि लेकीने सत्त्व प्यायचं, कशी पिईल?

बी-३०४: झोपेचं पण तेच. चौथीपर्यंतची शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका असा राज्याचा जीआर २०२४ मध्ये आला, का तर मुलांची झोप पुरी व्हावी. आणि आपल्याकडे साडेअकरापर्यंत हॉलमध्ये मॅच चालू, मग पोरगं कसं झोपणार. लेक्चर त्याला आणि रिमोट आपल्या हातात

डी-५०३: हे मला उद्देशून आहे का 🙈

सेक्रेटरी काका: बरं बरं. विषय वाढला. आरशाचं काय ते ठरवा आधी, आणि प्रस्ताव द्या

बी-३०४: देते. रोज ६ ते ७.३० व्हिजिटर पार्किंग मुलांचं. तेवढा वेळ तिथे एकही गाडी नको. सीझन बॉल नाही, फक्त प्लॅस्टिकचा. आणि बॅटिंग न मिळणाऱ्या लहान पोरांसाठी लगोरी, डब्बा ऐसपैस, साखळी. शनिवारी एकेका घराने खाऊ आणायचा, भडंग, उकडलेल्या शेंगा, राजगिऱ्याचे लाडू असलं काहीतरी, पाकीट फोडून द्यायचं नाही

डी-५०३: माझी गाडी मी बेसमेंटला लावतो

सेक्रेटरी काका: एक महिना करून बघू. पण आरसे-काचा फुटल्या तर खर्च पालकांचा. आणि कुणातरी मोठ्याने खाली थांबायचं, वॉचमनवर सोडायचं नाही

ए-१०२ आजी: सोमवार ते शुक्रवार मी बसते बाकावर. नाहीतरी सीरियल साडेसातची आहे

ए-००२: माझी एकच विनंती. मुलांना पाण्याच्या बाटल्या भरून द्या. आम्ही तळमजल्यावर राहतो म्हणून सगळी टोळी आमच्याकडे येते, परवा माठ रिकामा केला आणि बाटलीभर कोकम सरबत पण संपवलं

ए-४०१: आमची पण होती का त्यात?

ए-००२: दोन ग्लास प्यायली ती. परत मागत होती